तो हसला की मला तुटका दात दिसतो

अमळनेर तालुक्यातल्या एका आईचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा सारांश देते.

मुलगा आता अडीच वर्षांचा होईल. चौदा महिन्यांचा असताना, पौषात, तापात त्याला पहिल्यांदा झटके आले. डोळे फिरले, अंग ताठ झालं, ओठ काळेनिळे पडले. धुळ्याच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. शेजारच्या खाटेवर पाड्यावरून आलेल्या एका बाईचं बाळ होतं, त्यालाही ताप आणि झटके. मेंदूज्वर झालाय, असं सिस्टर म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ते बाळ गेलं. जाताना त्या बाईने आपला बिस्किटांचा पुडा या आईच्या उशाशी ठेवला, "तुझ्या पोराले दे" म्हणाली.

यंदा मार्गशीर्षात पुन्हा तेच. नवरा हरभऱ्याला पाणी द्यायला शेतावर गेलेला, कारण त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. घरात या आणि सासूबाई. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, धावत आलेल्या शेजारणीने दातांत चमचा घातला. झटका थांबला, पण समोरचा एक दुधाचा दात अर्धा तुटला. गल्लीतल्या पिकअपवाल्याने रात्री पावणेदोनला गाडी काढून त्यांना दवाखान्यात पोहोचवलं.

आता मूल ठणठणीत आहे. आई मात्र रात्री दर दोन तासांनी उठून थर्मामीटर लावते आणि आकडे वहीत लिहिते. अशा दोन वह्या भरल्या. दीड वर्षाचा बूस्टर डोस 'ताप येईल' म्हणून दिलेला नाही. सासूबाईंनी सप्तशृंगीला नवस बोललाय: चैत्रात नातवाला कडेवर घेऊन गडावर पायी नेईन. नवरा म्हणतो, बरा झाला तो डॉक्टरमुळे, देवीचा काय संबंध? घरात रोज यावरून वाद. येणारा-जाणारा म्हणतो, "वाचलं ना लेकरू, उपकार मान देवाचे." पत्राच्या शेवटी त्या विचारतात: "मला उपकार वाटतच नाहीत. भीती वाटते, आणि त्या दुसऱ्या बाईची आठवण आली की लाज वाटते. मी कृतघ्न आहे का?"

—

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मुलाचा ताप कधी किती होता हे त्यात अकरा ठिकाणी आहे. मुलगा हसतो, याबद्दल एकच ओळ आहे: "तो हसला की मला तुटका दात दिसतो." ती ओळ बाजूला ठेवते, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी थोडं आजाराबद्दल. तुम्हाला डॉक्टरांनी हे सांगितलं असेलच, पण मूल कुशीत निपचित पडलेलं असताना सांगितलेलं कोणाच्या डोक्यात शिरतं? सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापात झटके येतात. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. म्हणजे तुमच्या गावच्या अंगणवाडीत अशी एक-दोन मुलं आजही असतील, घरचे बोलत नाहीत इतकंच, कारण आपल्याकडे 'मिरगी' या शब्दाची धास्ती मोठी आहे. ही मिरगी नव्हे. साधे तापातले झटके येऊन गेलेल्या मुलाला पुढे मिरगी होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते. बुद्धीवर परिणाम होत नाही. एकदा झटका आला की साधारण तिघांतल्या एकाला तो पुन्हा येतो. तुमचा मुलगा त्या एकात बसला. सहसा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत हे मागे पडतं.

आता त्या वह्यांचं. पत्रात तुम्ही लिहिलंय, "त्या रात्री मी साडेबाराचं औषध द्यायला उठले नाही, झोप लागली." त्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली आहे. ती रेघ खोडून टाका. तापाचं औषध वेळेवर दिल्याने झटका टळत नाही. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, अंग कमी दुखतं, पोर चार घोट पाणी पितं, म्हणून ते द्यायचं. झटके रोखण्याची ताकद त्याच्यात नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालेलं आहे. पुष्कळदा तर झटका आल्यावरच घरच्यांना कळतं की मुलाला ताप आहे. तेव्हा तुम्ही साडेबाराला उठला असतात, एकलाही उठला असतात, तरी त्या रात्री बहुधा तेच घडलं असतं. थर्मामीटरला पहारेकरी समजून तुम्ही दोन हिवाळे जागलात, पण ते काम त्याच्या आवाक्यातलंच नव्हतं.

हे वाचून बरं वाटण्याऐवजी पोटात गोळा येईल, मला कल्पना आहे. "मी चुकले" यात एक आधार असतो. पुढच्या वेळी चुकणार नाही, असं म्हणता येतं. "माझ्या हातात नव्हतं" हे पचायला जास्त जड. पण तुमच्या हातात जे आहे ते वेगळ्या जागी आहे, आणि ते फार नाही, एका कागदावर मावेल इतकंच आहे.

तो कागद आजच करा. मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा, म्हणजे सासूबाई, शेजारीण, शेतावरून आलेला नवरा, कोणीही वाचेल. झटका आला की मुलाला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडते. गळ्याजवळची गुंडी सोडायची. तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही. आणि घड्याळ बघायचं. हे सर्वांत अवघड, कारण त्या वेळी एक मिनिट एका तासाएवढं वाटतं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर १०८ ला फोन, किंवा दारात गाडी उभी असेल तर वाट न बघता निघायचं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा झटका आला, अंगाची एकच बाजू उडत असली, झटका थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसलं, मान ताठ वाटली, अंगावर जांभळे ठिपके दिसले, तर दवाखाना गाठायला अर्धा तासही दवडायचा नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर झटका कितीही छोटा असो, लगेच. आणि झटका लवकर थांबला तरी त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना दाखवायचं.

औषधाबद्दल एक, कारण यात आपल्याकडे फार गोंधळ होतो. पॅरासिटामॉलचं पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं असतं, २५० चंही असतं, आणि तान्ह्या बाळांचे थेंब त्याहून दाट. 'पाच मिली द्या' एवढंच लक्षात ठेवून दुकानातून दुसरीच बाटली आणली तर डोस दुप्पट होतो. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पुढच्या भेटीत वजन करून डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या आणि बाटलीवरच चिकटवा. त्यांना हेही विचारा की नाकात मारायचा झटका थांबवणारा स्प्रे घरी ठेवावा का. आपल्यापासून धुळं काही फार लांब नाही, पण रात्री पावणेदोनला ते लांबच असतं. स्प्रे सगळ्यांनाच लागतो असं नाही. ते त्यांना ठरवू द्या.

आणि बूस्टर. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तापातले साधे झटके येऊन गेले म्हणून लस टाळायची नसते. लसीनंतर ताप येऊ शकतो, क्वचित त्या तापात झटकाही येऊ शकतो, पण त्यासाठी वरचा कागद आहे. उलट गोवर किंवा डांग्या खोकला झाला तर जो ताप येईल तो वहीत लिहिण्यासारखा नसेल. वेळ गेलेली नाही. येत्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात जा, सिस्टरला आधीच्या झटक्यांबद्दल सांगा, गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही राहिला असेल तर तोही घ्या.

आता घरातला वाद. तुमच्या पत्रातलं हे पान वाचताना मला थोडं हसू आलं, माफ करा. मार्गशीर्षातल्या त्या रात्री मुलाचा झटका कोणी थांबवला, यावर चार दावे आहेत. सासूबाई म्हणतात कांद्याने आणि देवीने. शेजारीण म्हणते चमच्याने. तुमचे यजमान म्हणतात डॉक्टरने. खरं असं की असा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो. तुम्हीच लिहिलंय की पिकअप फाट्यावर पोहोचायच्या आधी पोर रडायला लागलं होतं. म्हणजे डॉक्टरनेही तो थांबवला नाही. डॉक्टरने केलं ते वेगळं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं: पौषातल्या त्या चार दिवसांत त्यांनी मेंदूज्वर नाही ना, याची खात्री करून घेतली. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसत होती, तुमचं आणि शेजारच्या खाटेवरचं. आतला आजार वेगळा होता.

तर देवी की डॉक्टर, हा प्रश्न तुमच्या घरात शिरला कुठून? आपल्या आजीच्या पिढीला तो पडत नव्हता. 'देवी काढणे' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. रोगाचं नाव देवी, आणि त्या रोगाची लस टोचून घेणं म्हणजे देवी काढणं. बायका शीतळामातेला थंड नैवेद्य दाखवून यायच्या आणि त्याच पोराचा दंड टोचणाऱ्यापुढे धरायच्या. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, ते टोचण्यामुळे. नैवेद्य तरी चालू राहिला, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा: देवीवर विश्वास ठेवू नका हवं तर, पण आईशी भांडताना डॉक्टरला मध्ये आणू नका. डॉक्टरचं बिल तुम्ही दिलंय, आता त्यांच्या वतीने वकिली करण्याची गरज नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. "त्यांचा दुसरा मुलगा लहानपणी तापात गेला होता, म्हणून त्या जास्तच करतात." म्हणून त्या जास्तच करतात! अहो, त्या बाईने हे आधी बघितलंय. अशीच रात्र, असंच पोर, आणि त्या वेळी गावात ना पिकअप होती ना १०८. तिच्या हाताशी कांदा होता, तिने कांदा फोडला. खान्देशातल्या जुन्या याद्या काढा, दगा, भिका, धोंडू, उखर्डू अशी नावं दिसतील. ती हौसेने ठेवलेली नाहीत. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याला दगड म्हणायचं, उकिरड्यावरचा म्हणायचं, म्हणजे मृत्यूला वाटेल की हे काही मोलाचं नाही, आणि तो पुढे जाईल. आमच्या आजोळी असा एक मामा होता. ऐंशी वर्षं जगला, नावाला मात्र आयुष्यभर लाजायचा.

एकदा दुपारी, पोर झोपलेलं असताना, सासूबाईंना त्या मुलाबद्दल विचारा. त्याचं नाव काय होतं, कसा दिसायचा. "मन्हा आंडोर तापमा गया" हे वाक्य त्यांनी घरात कितीदा म्हटलं असेल, आणि कितीदा कोणी पुढे विचारलं असेल? त्यांच्या नवसावर नंतर बोला. आधी हे. कागद दारामागे लावताना तो त्यांनाच वाचून दाखवा, कुशीवर कसं वळवायचं ते उशीवर त्यांच्याकडून करून घ्या. 'कांदा लावायचा नाही' म्हटलं तर त्यांचे हात रिकामे पडतात. म्हणून त्यांना घड्याळ द्या. मिनिटं मोजायचं काम त्यांचं.

नवसाचं व्यवहारी बोलायचं तर अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन अमळनेरहून गडापर्यंत चैत्रात पायी नेणं मला पटत नाही. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने हे झटके येतात असं नाही, ते तापात येतात, आणि तो ताप बहुधा संसर्गाचा असतो. पण गर्दी, मिळेल तिथलं पाणी, उन्हात अंगातलं पाणी आटणं, हे कुठल्याच लहान मुलाला नको. पण नवस मोडा असंही मी म्हणत नाही. खान्देशातून चैत्री पौर्णिमेला हजारो माणसं चालत गडावर जातात, सासूबाईंचे गुडघे साथ देत असतील तर त्यांनाही जाऊ द्या. तुम्ही मुलाला घेऊन एसटीने जा, किंवा गर्दी ओसरल्यावर जा. नांदुरीहून वर गाडी जाते, पुढे पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि आता ट्रॉलीही आहे. कडेवर घेण्याचा शब्द तेवढ्या पायऱ्यांपुरता पाळता येईल. देवी चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचं मन ओळखते म्हणतात, मग तिला एसटीचं तिकीटही कळेल.

आता शेजारची खाट. इथे माझ्याकडे उत्तर नाही, आणि कोणी दिलं तर मी सावध होईन. "तुझं वाचलं, उपकार मान" हे ऐकताना तुमच्या घशाशी जे अडकतं ते मला बरोबर वाटतं. कारण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग न बोलता तिथेच असतो: मग तिचं का नाही वाचलं? तुमच्या मुलाला कोणी निवडलं आणि तिच्या मुलाला गाळलं, असं मानून येणारी कृतज्ञता तुम्हाला नको आहे. ती नाकारणं म्हणजे कृतघ्नपणा असं मी म्हणणार नाही. त्या बाईचा विचार तुम्ही वर्षाहून जास्त काळ बाळगलात. तिचं नावही तुम्हाला ठाऊक नाही.

पण त्या पुड्याचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाही. पोराने खाल्ली का ती बिस्किटं? मला वाटतं तुम्ही ती दिली नसावीत. अपशकुनाच्या भीतीने असेल, आणि लाज खरी त्याचीच असेल. माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर ऐका: त्या बाईला त्या क्षणी कोणाच्या तरी पोराला काहीतरी द्यायचं होतं, आणि तुम्ही ते घेतलंत. तिच्या हातात परत ठेवला नाहीत. तेवढं पुष्कळ होतं. तिच्यासाठी आज काही करावंसं वाटलं तर गावच्या आशाताईंना विचारा की तुमच्या भागात ऊसतोडीला, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांतल्या कोणत्या बाळांच्या लसी राहिल्यात. मेंदूज्वराच्या काही प्रकारांपासून वाचवणाऱ्या लसी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलचे डोस त्यातलेच. एखाद्या आईसोबत उपकेंद्रापर्यंत चालत जाणं, एवढंच काम असतं कधीकधी. तिथेच तुमचा बूस्टरही होऊन जाईल.

उपकारांचं म्हणाल तर आभाळाकडे बघण्याआधी गल्लीत बघा. पिकअपवाल्याचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय, मी वगळलं. त्याने डिझेलचे पैसे घेतले नाहीत हेही लिहिलंय. त्यानंतर तो तुमच्या घरी चहाला आला का? पोराला त्याच्याकडे घेऊन जा. त्याने त्याला शेवटचं बघितलं ते गाडीच्या दिव्यात, आणि कसं ते तुम्हाला माहीत आहे. आणि चमच्यावाली शेजारीण. तिच्यावरचा तुमचा राग मला दिसतो, दात रोज समोर असतो त्यामुळे तो विझत नाही. ती चुकली. पण रात्री दीडला ती अनवाणी धावत आली, हेही तुम्हीच लिहिलंय. दाराआडचा कागद तिलाही दाखवा, तेवढ्यात जे बोलायचं ते बोलून होईल. दात दुधाचा आहे, साधारण सहा-सात वर्षांचा झाला की पडेल. ठणकत असेल, हिरडी सुजली असेल तर मात्र दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

माझ्या मुलीला लहानपणी दमा होता. मीही रात्री बसून काढल्या आहेत, तेव्हा फार शहाणी आहे असं समजू नका. ती चार वर्षांची असताना एकदा सहज तिच्या कपाळावर हात ठेवला, काहीही नव्हतं, नुसता लाड म्हणून. तिने लगेच वर बघून विचारलं, "नाही ना?" माझा हात म्हणजे तपासणी, हे ती शिकून बसली होती. त्यानंतर मी एक नियम केला की दिवसातून एकदा तरी तिला हात लावायचा तो तळव्याने नाही, हाताच्या पाठीने नाही, गालाने. गालाला ताप कळत नाही असं नाही, पण आपण तेव्हा मोजत नसतो.

रात्रीचं उठणं एकदम थांबणार नाही. मूल बरं असताना थर्मामीटर कपाटात वरच्या फळीवर ठेवा, खुर्ची घेतल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी. पहिल्या आठवड्यात एकदा उठा, दोनदा नाही. यजमान घरी असतील त्या रात्री ते उठतील, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. महिनाभरात काहीच फरक पडला नाही, जेवण जात नसेल, छातीत धडधडत असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मोठ्या धक्क्यानंतर आयांचं असं होतं, त्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी वेडं असावं लागत नाही.

दुसरी वही भरली म्हणता, तर तिसरी आणू नका. त्याऐवजी मला पत्र लिहा. आकडे नकोत. तो आता काय काय बोलतो, कोणावर रागावतो, बैलांना काय हाक मारतो, भाकरीचा पापुद्रा आधी खातो की शेवटी. अहिराणीत लिहिलंत तर आणखी मजा येईल, मला नीट वाचता येते.